राजीनाम्याची तारीख कोण ठरवितो?

कमिशनवर विक्री करणाऱ्या नोकराने नोकरी केव्हा आणि कशी सोडावी, हा विषय पक्षाच्या साप्ताहिकात मांडावयाचा म्हटले की आपल्यापैकी काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. गिरणीतला संप, उसाचा भाव, धरणग्रस्तांचे पुनर्वसन हे आपले विषय. इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून मोटारसायकलीवर फिरणाऱ्या तरुणाच्या राजीनाम्याशी समाजवादी चळवळीचा संबंध काय? तो तर पांढरपेशा. त्याचे भांडण त्याने आपल्या साहेबाशी भांडावे! ही समजूत साफ चुकीची आहे. तिची किंमत तो तरुण मोजतो आहे आणि आपली चळवळही मोजते आहे.

पुणे शहराकडे नीट पाहा. हिंजवडी, वाघोली, उंड्री येथील गृहप्रकल्पांच्या विक्री कार्यालयांत फ्लॅट दाखविणारी मुले-मुली, वाहनांच्या शोरूममधील विक्रेते, बँकांसाठी कर्जाची प्रकरणे गोळा करणारे, विम्याचे एजंट, दवाखान्यांच्या व्हरांड्यात बॅग सांभाळीत तिष्ठणारे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, हे सारे या शहराचे कष्टकरीच आहेत. त्यांच्या मिळकतीचा एक लहान भाग ठरीव असतो आणि मोठा भाग कमिशनचा. काहींच्या वाट्याला ठरीव भागही नसतो. जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाकडे यांपैकी बरेच जण जुने विद्यार्थी म्हणून सल्ल्याला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो : “सर, आत्ता सोडू, की पाडवा झाल्यावर?”

हा प्रश्न वरवर व्यक्तिगत दिसतो. परंतु पाडवा झाला की अक्षय्य तृतीया येते, ती झाली की दसरा-दिवाळी येते, आणि दिवाळी सरली की मार्चअखेर. प्रत्येक वेळी थोडे अडकलेले कमिशन हाती येण्याची वाट पाहावयाची असते. असा वाट पाहणारा माणूस दुबळ्या मनाचा आहे, असे त्याला घरचे सांगतात, साहेबही सांगतो. प्रत्यक्षात त्याच्या मनात काही दोष नाही. दोष त्याच्या मिळकतीच्या रचनेत आहे. ती रचना आधी समजून घेतली पाहिजे.

एक साधा हिशेब मांडू. समजा, एका विक्रेत्याला दरमहा १५,००० रुपये ठरीव पगार आहे. त्याच्या हातून महिन्याला सरासरी २ फ्लॅटचे करार नोंदले जातात आणि प्रत्येक नोंदणीमागे त्याला १०,००० रुपये कमिशन आहे. नियम असा की, नोंदणीनंतर तीन महिन्यांनी कमिशन जमा होईल. आणि त्याखाली बारीक अक्षरांत दुसरा नियम असा की, रक्कम देण्याच्या दिवशी विक्रेता नोकरीत असला पाहिजे. विक्रीच्या धंद्यात ही अट सर्रास आढळते. आता हा माणूस कोणत्याही दिवशी नोकरी सोडो, त्याचे ६०,००० रुपये मालकाकडे अडकलेले असणारच. जानेवारीचे कमिशन एप्रिलमध्ये मिळावे म्हणून तो थांबला, तर तोवर फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचे नवे कमिशन साचलेले असते. काहीही गमवावे लागणार नाही असा मुहूर्त त्याच्या पंचांगात नाहीच. विक्री बंद करून तीन महिने बसून राहणे एवढाच मार्ग उरतो, आणि तसे केले की टार्गेट पूर्ण न केल्याबद्दल त्याला काढून टाकता येते.

म्हणजे हे ६०,००० रुपये काय आहेत? नोकराने मालकाकडे ठेवलेली ती बिनव्याजी अनामत आहे. अशी ४० मुले कामावर असली की २४ लाख रुपयांचे भांडवल मालकाला फुकट वापरावयास मिळते. त्यातील दरवर्षी जितके जण कंटाळून, आजारी पडून किंवा अपमान असह्य होऊन निघून जातात, तितक्यांची अनामत जप्त होते. ज्या घराची विक्री झाली ते घर विकलेलेच राहते, ग्राहकाचा हप्ता मालकाच्या खात्यात जमा होतच राहतो. फक्त ते ज्याने विकले त्याचे नाव सेवकपटावरून गळाल्यामुळे त्याचा वाटा मालकाचा होतो. कारखानदाराने कामगाराचा केलेल्या कामाचा पगार बुडविला तर आपण त्याला चोरी म्हणतो. येथे तीच गोष्ट ‘कंपनीचे धोरण’ या नावाने चालते.

मालकपक्षाची बाजू ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात : बुकिंग झाले म्हणजे विक्री पुरी झाली असे नाही. ग्राहक माघार घेतो, कर्ज नामंजूर होते, नंतरची धावपळ दुसऱ्या कोणाला करावी लागते. मग निघून गेलेल्याला पैसे का द्यावेत? यात तथ्याचा अंश आहे. सौदा मोडला तर कमिशन नाही, हे मान्य. उरलेले काम दुसऱ्याने केले तर त्याला त्याचा भाग मिळावा, हेही मान्य. परंतु यातून फार तर कमिशनाचा काही अंश कापण्याचे समर्थन होईल. नोंदणी झालेल्या, पैसे जमा झालेल्या सौद्याचे संपूर्ण कमिशन केवळ विक्रेता त्या दिवशी सेवकपटावर नाही म्हणून गिळण्याचे समर्थन त्यातून होत नाही. जोखमीचे कारण पुढे करावयाचे आणि जोखीम संपल्यावरही पैसे द्यावयाचे नाहीत, याला हिशेब म्हणत नाहीत.

उक्त्या मजुरीविषयी मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. नगावर दिलेली मजुरी हे वेळेवर दिलेल्या मजुरीचेच बदललेले रूप असून, त्यात कामगार स्वतःच स्वतःवर पहारा करू लागतो आणि मुकादमाचा खर्च वाचतो, असे त्याचे प्रतिपादन होते. कमिशन ही त्याच्या पुढची पायरी आहे. उक्त्या मजुराने नग तयार केला की निदान त्याचे पैसे पडतात. कमिशनवाल्याची मजुरी मात्र ग्राहकाची मर्जी, बँकेची मंजुरी आणि मालकाची तारीख अशा तीन दारांतून आत यावयाची असते, आणि तिन्ही दारांच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या हाती असतात. तरीही त्याला सांगितले जाते की, “तू स्वतःच स्वतःचा मालक आहेस.” हॉटेलांच्या सभागृहांत भरणाऱ्या प्रेरणेच्या शिबिरांत हाच मंत्र घोकविला जातो. मध्येच सोडणारा कधी मोठा होत नाही, हे तेथे टाळ्यांच्या गजरात सांगतात. सोडणाऱ्याचे पैसे कोणाच्या खिशात जातात, हे कोणी सांगत नाही.

मग कायदा काय करतो? आपल्या कायद्यांनी कमिशनाकडे वर्षानुवर्षे पाठ फिरविलेली आहे. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने मूळ वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळले. १९६५ च्या बोनस कायद्याने ते वगळले. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानेही वगळले. म्हणजे ज्याची निम्म्याहून अधिक मिळकत कमिशनाची, त्याच्या म्हातारपणाची तरतूद उरलेल्या तुटपुंज्या भागावर.

औषध प्रतिनिधींनी संघटित होऊन लढा दिला, त्यातून १९७६ चा विक्री-प्रसार कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला. तो आरंभी औषध उद्योगापुरताच होता. पुढे १९९४ मध्ये सॅन्डोझ कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने औषध प्रतिनिधी हा औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येतील ‘कामगार’ नव्हे असा निर्णय दिला. २०११ मध्ये १९७६ चा कायदा आणखी १० उद्योगांना लावण्यात आला : सौंदर्यप्रसाधने व साबण, तयार कपडे, शीतपेये, बिस्किटे, मोटारी, विजेची उपकरणे, रंग वगैरे. त्या यादीत घरांची विक्री नव्हती, विमा नव्हता, कर्जे नव्हती. म्हणजे पुण्यातील कमिशनवाल्यांचा मोठा भाग दाराबाहेरच उभा राहिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. या संहितांनी कामगारांचे संप करण्याचे व संघटित होण्याचे बळ कसे कमी केले आहे, यावर या पक्षात मतभेद नाहीत. परंतु विरोध करतानाही शत्रूच्या किल्ल्यातील चोरवाट माहीत असावी लागते. वेतनसंहितेच्या कलम १७ मध्ये असे म्हटले आहे की, नोकराने राजीनामा दिला तरी त्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत दिले पाहिजे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात ही दोन दिवसांची मुदत मालकाने नोकरीवरून कमी केले असेल तेव्हाचीच होती. आता राजीनामाही तीत आला. ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत विक्री-प्रसार कर्मचाऱ्याचाही समावेश झाला. येथवर ठीक. पण ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या उघडून पाहा : तीतून कमिशन पुन्हा वगळलेले आहे! माणसाला कामगार म्हणून आत घेतले आणि त्याची मजुरी उंबऱ्याबाहेर ठेवली.

त्यातही एक फट आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर निम्म्यावरचा भाग वेतनात धरावा, असे संहिता सांगते. आपल्या उदाहरणातील विक्रेत्याचा महिन्याचा एकूण मोबदला ३५,००० रुपये. त्यातील कमिशन २०,०००. निम्मे म्हणजे १७,५००. म्हणून कमिशनपैकी २,५०० रुपये वेतनात येतील आणि त्याचे कायदेशीर वेतन १५,००० ऐवजी १७,५०० होईल. मिळवले ते एवढेच. शिवाय मालक म्हणणार की, हा नियम दिलेल्या रकमांना लागतो, न दिलेल्या कमिशनला नाही. हा वाद लढवावयास हवा. आणि तो एकट्या विक्रेत्याने नव्हे, संघटनेने लढवावयास हवा. देय रकमेचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, तो नोंदणीकृत कामगार संघटनेलाही करता येतो, आणि रक्कम दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. ही तीन हत्यारे संहितेनेच दिलेली आहेत. ती गंजू देणे हा आपला दोष ठरेल.

कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाला कमिशन देत राहणे व्यवहारात शक्यच नाही. शक्य आहे, आणि या देशात ते अनेक दशके चालू आहे. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यातून जन्मलेल्या आयुर्विमा महामंडळाच्या १९७२ च्या एजंटविषयक विनियमांत असे तत्त्व होते की, एजंटाने सलग पाच वर्षे काम केले असेल आणि त्याच्यामार्फत उतरविलेले ठरावीक रकमेचे विमे चालू असतील, किंवा सलग दहा वर्षे काम केले असेल, तर अफरातफरीचा प्रकार वगळता, एजन्सी संपल्यावरही पुढील हप्त्यांवरचे कमिशन त्याला मिळत राहील. तो वारला तर त्याच्या वारसांना मिळेल. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने आणखी एक पाऊल टाकले. एजन्सी सोडून पुन्हा नेमणूक घेतलेल्या एजंटाला जुन्या विम्यांवरील कमिशन मिळत नसे. ते मिळण्याची तरतूद झाली आणि ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेली. या निर्णयाच्या कक्षेत १३ लाखांहून अधिक एजंट येतात, असे सरकारनेच तेव्हा सांगितले. पाच वर्षे पुरी न झालेल्यांचे नुकसान तेथेही होतेच, हे खरे. पण तत्त्व महत्त्वाचे आहे. सार्वजनिक मालकीच्या महामंडळाने मान्य केले की, ज्याने विमा आणला त्याचा त्या विम्यावर हक्क आहे, मग तो खुर्चीवर असो वा नसो. तेरा लाख माणसांचा हिशेब ज्या देशात ठेवता येतो, तेथे चाळीस विक्रेत्यांचा हिशेब ठेवणे एखाद्या बांधकाम कंपनीला अवघड कसे?

आता प्रश्नाच्या व्यावहारिक बाजूकडे वळू. कार्यकर्त्याकडे असा तरुण आला, तर त्याला काय सांगावे? “लढा दे” एवढे सांगून त्याचे घरभाडे भरले जात नाही. म्हणून ठोस बोलले पाहिजे.

केव्हा सोडावे? पहिली कसोटी निव्वळ मिळकतीची. पेट्रोल, फोन, ग्राहकाला पाजलेला चहा, स्वतःच्या खिशातून दिलेली सवलत, हे सारे वजा करून गेल्या सहा महिन्यांची सरासरी काढावी. अनेकांनी हा हिशेब कधी केलेलाच नसतो. एखाद्या चांगल्या महिन्याच्या आठवणीवर ते वर्षभर जगतात. सरासरी जर ठरीव पगाराच्या साध्या नोकरीपेक्षा कमी भरत असेल, तर अडकलेल्या रकमेच्या मोहाने आणखी वर्ष घालविणे हा तोटा वाढविण्याचा मार्ग आहे. दुसरी कसोटी टप्प्यांची. वर्षअखेरच्या टार्गेटवर वाढीव दर मिळणार असेल, किंवा ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षांची सेवा काही आठवड्यांत पुरी होणार असेल, तर रागाच्या भरात सोडू नये. मालक तारखा पाहून काम करतो. नोकरानेही तारखा पाहाव्यात, त्यात लाज कसली? तिसरी कसोटी मात्र हिशेबाची नाही. म्हाताऱ्या निवृत्ताला न कळणारी विमा योजना गळ्यात मारा, परवानगी न मिळालेल्या इमारतीचा ताबा वर्षात मिळेल असे सांगा, असा हुकूम होऊ लागला की मुहूर्त पाहू नये. फसवणूक झाल्यावर ग्राहक येतो तो विक्रेत्याच्या दारात. हुकूम देणारा साहेब तोवर दुसऱ्या शहरात बदलून गेलेला असतो.

कसे सोडावे? राजीनामा लिहिण्याच्या आधी, नोकरीत असतानाच, आपल्या कमिशनाचा हिशेब लेखी मागावा. नेमणुकीचे पत्र, कमिशनच्या दरांची परिपत्रके, आपल्यामार्फत झालेल्या प्रत्येक सौद्याची तारीख आणि रक्कम यांची नोंद आपल्यापाशी ठेवावी. ग्राहकांची यादी उचलून नेऊ नये. ते योग्य नाही आणि मालकाच्या हाती आयते कोलीत देणारे आहे. राजीनाम्याच्या पत्रात भावना ओतू नयेत. मुदतीची सूचना, शेवटचा दिवस, आणि ‘सोबतच्या यादीतील सौद्यांचे कमिशन मला देय आहे’ हे एक वाक्य पुरे. पत्राची पोच घ्यावी. पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवावे. मुदतीचे दिवस प्रामाणिकपणे भरावेत, सिमकार्ड, नमुने, ओळखपत्र परत करून त्याचीही पोच घ्यावी. ‘माझे काहीही येणे उरलेले नाही’ अशा मजकुराखाली सही मागितली, तर ‘कमिशनचा हक्क राखून’ असे स्वतःच्या अक्षरांत लिहूनच सही करावी.

आणखी एक धमकी हमखास दिली जाते : दोन वर्षे या धंद्यातल्या दुसऱ्या कोणाकडे काम करता येणार नाही, तसे तू लिहून दिले आहेस. ही धमकी पोकळ आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ कोणालाही आपला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल ठरविते. नोकरी चालू असताना निष्ठा मागता येते, जुन्या मालकाची गुपिते पुढेही जपावी लागतात. पण सोडल्यावर पोटाला कुलूप लावता येत नाही. त्याच कायद्याचे कलम २२१ असे सांगते की, वेगळा करार नसेल तर एजंटाला आपले कमिशन मिळेपर्यंत मालकाचा ताब्यातला माल व कागद अडवून ठेवता येतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला देखील कमिशन हे घेणे आहे, बक्षीस नव्हे, हे कळत होते. आजच्या शोरूममधील नोकराच्या ताब्यात अडवून ठेवावयास माल नसतो, एवढाच फरक.

ही सर्व काळजी घेऊनही एकटा माणूस फार तर आपले नुकसान थोडे कमी करील. रचना तशीच राहील; त्याच्या रिकाम्या खुर्चीवर सोमवारी नवा मुलगा बसेल. आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की, एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे, आणि बाहेर पडणे सोपे असेल तर आवाज उठविणारे आधी निघून जातात. कमिशनच्या धंद्यात याहून वाईट घडते. येथे बाहेर पडणाऱ्याला दंड आहे, आणि आवाज उठविणाऱ्याला बाहेर काढून तोच दंड करता येतो. अडकलेली रक्कम नोकराचे तोंड बंद ठेवण्याचेही काम करते. ज्याचे ६०,००० रुपये साहेबाच्या सहीवर अवलंबून आहेत, तो सभासदपत्रावर सही करावयास धजत नाही. संघटना का बांधली जात नाही, याचे उत्तर ‘ही मुले व्यक्तिवादी आहेत’ असे देऊन आपण मोकळे होतो. त्यांच्या अडकलेल्या पैशाकडे आपण कधी पाहिलेच नाही.

या शहरापुढे एक उदाहरण आहे. हमालाचा मालक कोण, हा प्रश्न पुण्याच्या बाजारपेठेत पिढ्यान् पिढ्या अनुत्तरित होता. सकाळी एका आडत्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे; प्रत्येक जण म्हणे, हा माझा नोकर नव्हे. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभी राहिली, राज्यभर माथाडींचे लढे झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने एकच मालक शोधीत बसण्याऐवजी ज्यांचे ज्यांचे काम झाले त्या साऱ्यांची नोंदणी केली. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची. मंडळाने मजुरी वाटावयाची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस द्यावयाचा. हमालाने टोळी बदलली, बाजार बदलला, तरी त्याच्या खात्यातील पैसा त्याचाच राहतो. कमिशनवर जगणाऱ्या विक्रेत्याला हेच हवे आहे. त्याचे कमिशन मालकाच्या तिजोरीत न साचता त्रिपक्षीय मंडळाकडे साचले, तर ते जप्त करण्याचा प्रश्नच उरणार नाही, आणि राजीनामा देण्याची तारीख त्याची त्याला ठरविता येईल.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. देण्याच्या दिवशी नोकरीत असण्याची अट कायद्याने रद्द व्हावी. सौदा पुरा झाला की कमिशन मिळाले पाहिजे, मग विक्रेता कोठेही असो. वेतनाच्या व्याख्येत कमिशन पूर्णपणे यावे, निम्म्याच्या वरचा तुकडा नव्हे. प्रत्येक विक्रेत्याला दरमहा लेखी हिशेब देणे बंधनकारक व्हावे. सौदा मोडल्याबद्दल करावयाची वसुली त्या सौद्याच्या कमिशनपुरती आणि ठरावीक मुदतीपुरतीच असावी. आणि माथाडी मंडळांच्या धर्तीवर विक्रेत्यांचे मंडळ राज्याने स्थापावे. त्याची सुरुवात घरविक्रीच्या क्षेत्रापासून करता येईल, कारण महारेराकडे प्रकल्पांची नोंद आधीच आहे.

हे सारे विधानसभेत जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पक्षाच्या पेठांतील आणि उपनगरांतील कार्यालयांत आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी राखून ठेवता येईल. त्यांचे काम रात्री आठला सुटते, तेव्हा कार्यालय साडेआठला उघडे असले पाहिजे. सौद्यांची यादी करावयास, राजीनाम्याचे पत्र लिहावयास, तीन वर्षांच्या आतला दावा संघटनेच्या नावाने दाखल करावयास तेथे एक वकील आणि एक लिहिणारा कार्यकर्ता पुरेसा आहे. एका मालकाविरुद्ध दहा जणांचा दावा एकत्र दाखल झाला, तर उरलेले तीस जण तो निकाल काय लागतो याकडे डोळे लावून बसतील, आणि अकरावा आपण होऊन येईल. नोकरी सोडून गेलेल्यांची संघटना ही कल्पना विचित्र वाटेल. परंतु ज्यांना आता गमवावयाचे काही उरलेले नाही त्यांनीच आरंभ केला, तर आत राहिलेल्यांना बोलण्याचे बळ येईल. येत्या मार्चअखेरीला पुण्यातील शेकडो विक्री कार्यालयांत राजीनामे लिहिले जातील. त्यांतले किती आपल्या कार्यालयातील टेबलावर, यादी जोडून आणि हक्क राखून लिहिले जातात, यावर आपण या वर्गासाठी काय केले ते मोजले जाईल.